कोलेस्टेरॉल निर्दोष सुटलेलं नाही

‘कोलेस्टेरॉल हे थोतांड आहे. एका अमेरिकन माणसानं सोयीचे देश निवडून आलेख काढला, औषध कंपन्यांनी त्यावर दुकान थाटलं आणि आपल्या आज्या-पणज्यांनी खाल्लेलं तूप फुकट बदनाम झालं.’ हे मत आता मोबाइलवरच्या ढकलपत्रांपुरतं राहिलेलं नाही. लग्नाच्या पंगतीत आणि सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या कट्ट्यावर शिकलेली माणसं ते ठामपणे ऐकवतात. ते ऐकून अँजिओप्लास्टी झालेला एखादा गृहस्थ कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी परस्पर बंद करून टाकतो. म्हणून या मताला उत्तर दिलं पाहिजे, आणि त्यातला खरा भाग मान्य करूनच दिलं पाहिजे.

खरा भाग आहेच. अँसेल कीज यांनी १९५३ मध्ये सहा देशांचा आलेख छापला. आहारात मेद जितका जास्त, तितके हृदयविकाराचे मृत्यू जास्त, असं त्यातून दिसत होतं. १९५७ मध्ये येरुशाल्मी आणि हिलेबो यांनी दाखवून दिलं की आकडे २२ देशांचे उपलब्ध होते आणि ते सगळे घेतले तर हे नातं बरंच सैल पडतं. टीका रास्त होती. मात्र आक्षेप घेणारे इथे एक गफलत करतात. त्या आलेखालाच ते ‘सात देशांचा अभ्यास’ म्हणतात. तो अभ्यास वेगळा; तो १९५८ मध्ये सुरू झाला. फिनलंडपासून जपानपर्यंतच्या जवळपास १३ हजार पुरुषांना प्रत्यक्ष तपासून, पुढे कित्येक वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवून तो झाला. तरीही कीज यांची वकिली करण्याचं मला कारण नाही. त्यांचं सगळं काम बाजूला ठेवलं तरी कोलेस्टेरॉलविरुद्धचा पुरावा तसूभरही कमी होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. १९६८ ते १९७३ या काळात अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात सहा मनोरुग्णालयं आणि एका शुश्रूषागृहात ९,४२३ जणांवर आहाराचा प्रयोग झाला. एका गटाच्या जेवणात प्राणिज मेदाच्या जागी मक्याचं तेल आणि त्याचं मार्गारिन आलं. त्यांचं कोलेस्टेरॉल सुमारे १४ टक्क्यांनी उतरलं, मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. त्यातले बरेच आकडे अप्रकाशितच राहिले. मुख्य संशोधकाच्या घराच्या तळघरातून जुनी कागदपत्रं आणि चुंबकीय फिती मिळाल्या, तेव्हा कुठे २०१६ मध्ये त्यांचं नव्यानं विश्लेषण छापून आलं. प्रतिकूल निकाल असे दशकानुदशकं पडून राहणं ही वैद्यकशास्त्राला लाज आणणारी गोष्ट आहे. ती मी झाकणार नाही.

पण प्रयोगाचा तपशील पाहा. रुग्ण सतत घरी सोडले जात होते, आणि वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ तो आहार मिळालेले होते फक्त २,३५५. धमनीच्या भिंतीत वीस-तीस वर्षं साचत गेलेला थर एवढ्या अवधीत निवळावा, ही अपेक्षाच चुकीची. शिवाय त्या काळच्या मार्गारिनमध्ये ट्रान्स मेदाम्ल असण्याची दाट शक्यता आहे. हे मेदाम्ल ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, वाढवतं आणि ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, घटवतं, हे मेन्सिंक आणि काटान या डच संशोधकांनी १९९० मध्ये सिद्ध केलं. आपल्याकडच्या वनस्पती तुपातही तेच होतं. तूप सोडा आणि डालडा वापरा हा सल्ला वाईटच होता, आणि तो शास्त्राच्या नावानं दिला गेला. भारतात तेलातुपातल्या ट्रान्स मेदावर २ टक्क्यांची मर्यादा यायला जानेवारी २०२२ उजाडला.

आता ज्या पुराव्याचा आक्षेपक उल्लेखही करत नाहीत, त्याकडे येऊ. डॅलसमध्ये मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन एका आनुवंशिक आजाराचा शोध घेत होते. आईवडील दोघांकडून सदोष जनुक मिळालेल्या मुलांचं एलडीएल जन्मापासून कित्येक पटींनी वाढलेलं असतं आणि शाळकरी वयातच त्यांना हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. ही मुलं सिगारेट ओढत नाहीत. त्यांना रक्तदाब नाही, मधुमेह नाही, कामाचा ताण नाही. त्यांच्या यकृताच्या पेशींवर एलडीएल ओढून घेणारा रिसेप्टर नीट काम करत नाही, एवढाच दोष. या शोधाला १९८५ चं नोबेल मिळालं.

उलट्या बाजूचा पुरावा २००६ मध्ये आला. पीसीएसके९ हे प्रथिन हाच रिसेप्टर नष्ट करतं. अमेरिकेतल्या काही कृष्णवर्णीय लोकांमध्ये ते प्रथिन बनवणारं जनुक जन्मतः बिघडलेलं आढळलं. त्यांचं एलडीएल इतरांपेक्षा २८ टक्क्यांनी कमी होतं, आणि हृदयविकाराचं प्रमाण ८८ टक्क्यांनी. कोणत्याही कंपनीनं त्यांना गोळी दिलेली नव्हती. जन्मापासूनचं कमी एलडीएल एवढं संरक्षण देत असेल, तर एलडीएलला निव्वळ साक्षीदार कसं म्हणायचं?

औषधांचे प्रयोगही तेच सांगतात. स्कँडिनेव्हियात ४,४४४ हृदयरुग्णांवर झालेल्या सिमव्हास्टॅटिन या स्टॅटिनच्या चाचणीचे निकाल १९९४ मध्ये आले. साध्या गोळीच्या गटात २५६ मृत्यू झाले, औषधाच्या गटात १८२. त्यावर कोणी म्हणेल, हा स्टॅटिनचा निराळा गुण असेल. मग आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषू न देणारं इझेटिमाइब घ्या, किंवा पीसीएसके९ रोखणारं इंजेक्शन घ्या. मार्ग वेगवेगळे, पण तिन्हींमुळे शेवटी यकृत रक्तातलं एलडीएल जास्त ओढून घेतं, आणि तिन्हींच्या मोठ्या चाचण्यांत झटके कमी झाले.

कंपन्यांना हवा तो निकाल विकत मिळतो, हा आरोप टॉर्सेट्रापिबच्या बाबतीत तपासून पाहा. चांगलं समजलं जाणारं एचडीएल वाढवणारं हे औषध फायझर कंपनीचं. त्यानं एचडीएल भरपूर वाढवलं, पण घेणाऱ्यांत मृत्यूही वाढले, आणि डिसेंबर २००६ मध्ये चाचणी थांबवावी लागली. एचडीएलबद्दलचा सिद्धांत चाचणीत हरला. एलडीएलचा सिद्धांत त्याच कसोटीला पुन्हा पुन्हा उतरला. हा फरक पैशानं घडवलेला नाही.

गोळीचे दुष्परिणाम मी नाकारत नाही. स्टॅटिननं मधुमेहाची शक्यता थोडी वाढते, आणि क्वचित स्नायूंना खरीच इजा होते. पण गोळी सोडायला लावणाऱ्या अंगदुखीचं काय? लंडनच्या इम्पीरियल कॉलेजनं अशा ६० जणांना आलटूनपालटून स्टॅटिन आणि औषध नसलेली गोळी दिली. स्टॅटिनवर झालेल्या त्रासाचा ९० टक्के भाग त्या नुसत्या गोळीनंही झाला. दुखणं खोटं नव्हतं, ठपका चुकीच्या ठिकाणी होता.

मग तुपाचं काय करायचं? संपृक्त मेद जास्त झाला की यकृताचा तोच रिसेप्टर मंदावतो आणि रक्तातलं एलडीएल चढतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: एखादा पदार्थ चांगला की वाईट, हे तो कशाच्या जागी आला यावर ठरतं. तूप कमी करून त्या जागी मैद्याची बिस्किटं आणि साखर आली, तर हृदयाला काही लाभ नाही. शेंगदाणा किंवा करडईसारखं तेल आलं, तर एलडीएल उतरतं. कोकणी आणि गोमंतकीय वाचकांना आवडणार नाही, पण खोबरेल तेल हे या तेलांच्या तुलनेत एलडीएल दर डेसिलिटरमागे सुमारे १० मिलिग्रॅमनं वाढवतं. नारळाचं कालवण सोडा असं मी म्हणत नाही. रोज चमचाभर खोबरेल ‘हृदयासाठी’ पिण्याचा सल्ला मात्र घातक आहे. वरणभातावरच्या चमचाभर तुपानं निरोगी माणसाचं काही बिघडत नाही, आणि बहुतेकांच्या बाबतीत अंड्यातल्या कोलेस्टेरॉलची भीतीही अवाजवी होती.

आपल्याला हा वाद परवडत नाही याचं कारण निराळं आहे. ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या माणसांना पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी आलेला दिसला. आणि ब्राउन-गोल्डस्टाइन यांनी शोधलेल्या दोषाचं सौम्य रूप, म्हणजे एकाच पालकाकडून आलेलं सदोष जनुक, साधारण दोनशे पन्नास ते तीनशे माणसांत एकाकडे असतं. बहुतेकांना ते ठाऊकही नसतं.

घरात कोणाला पन्नाशीच्या आत झटका आला असेल, तर मुलांचं लिपिड प्रोफाइल या महिन्यात करून घ्या. आणि गोळी बंद करावीशी वाटली, तर ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांना आधी विचारा.