नक्कल कशाला म्हणायचे?

हैदराबादच्या चिक्कडपल्लीत साहित्याच्या गप्पा रंगल्या की एक मत हमखास कानांवर येते: तुर्कांची अभिजात कविता म्हणजे फारसीची नक्कल, आणि आपल्या शहराची जुनी दख्खनी कविता त्याच नकलेची दुसरी प्रत. बोलणारे व्यासंगी असतात, त्यामुळे हे मत सोडून देता येत नाही. शिवाय त्यामागे गिब यांच्यासारखा जाणकार उभा आहे. त्यांच्या उस्मानी कवितेच्या सहा खंडी इतिहासात (१९००–१९०९) तुर्की कवी फारसीच्या पावलावर पाऊल ठेवत गेले, असेच ठासून मांडले आहे.

पूर्वपक्षात खरे आहे ते आधी मान्य करू. काशगरच्या युसूफ खास हाजिबने १०७० च्या सुमारास 'कुतद्गु बिलिग' रचले ते फिरदौसीच्या 'शाहनाम्या'च्याच वृत्तात. गझल, मसनवी, कसीदा, गुल-बुलबुल, सारे फारसीच्या वाटेने आले. पण वृत्त उचलले म्हणजे कविता उचलली, हे कुठले तर्कशास्त्र? वामनपंडितांचे श्लोक आणि मोरोपंतांच्या आर्या संस्कृत छंदांत आहेत. त्यांना संस्कृतची नक्कल म्हणायला आपली जीभ धजत नाही.

उलट या उसनवारीत तुर्की कवींना काय सोसावे लागले ते पाहा. अरबी-फारसी वृत्ते ऱ्हस्व-दीर्घावर चालतात, आणि तुर्कीच्या मूळ शब्दांत दीर्घ स्वर जवळजवळ नाहीतच. मग ऱ्हस्व स्वर ताणून दीर्घ करायचा. त्याला 'इमाले' म्हणत, आणि रसिक तो दोष धरत. कवी शतकानुशतके या अडचणीशी झुंजले. सोळाव्या शतकात बाकी या कवीच्या हाती ते वृत्त तुर्कीच्या अंगवळणी पडले. अठराव्यात नदीमने इस्तंबूलच्या बागा, सहली आणि तिथली बोली त्यात आणली. त्याने रंगवलेली 'शर्की' आणि चार ओळींचा 'तुयुग' हे प्रकार तर फारसीचे नव्हेतच. नुसती नक्कलच करायची तर एवढा खटाटोप कशाला? सरळ फारसीत लिहिता आले असते. हेरातचा अलीशेर नवाई 'फानी' या नावाने लिहीतही होता. तरी १४९९ मध्ये त्याने तुर्की फारसीहून सरस असल्याचे सांगणारा ग्रंथ लिहिला. पुढे विसाव्या शतकात तुर्कस्तानातच काहींनी लोकगीते तेवढी आपली, बाकी सारे परके, असे म्हटले. तेही तितकेच चूक.

आता आपल्या पायाखालची जमीन. गोवळकोंड्याचे कुतुबशाही घराणे वंशाने तुर्कमान, दरबार फारसीचा. हैदराबाद वसवणारा मुहम्मद कुली (राज्यकाल १५८०–१६१२) फारसीत लिहीत होताच, पण त्याच्या कवितेचे खरे वैभव दख्खनीत आहे. तिच्यात वसंत आहे, मिरगाचा पाऊस आहे. शिराझच्या कवितेत मिरग कुठून येणार?

उसन्या कथेचेही तसेच. फत्ताही निशापुरीचे 'हुस्न-ओ-दिल' हे पंधराव्या शतकातले फारसी रूपक. ते बुर्साच्या लामिई चेलेबीने तुर्कीत आणले, आणि गोवळकोंड्याच्या वजहीने १६३५ मध्ये 'सबरस' या नावाने दख्खनी गद्यात. वजहीने मूळ लेखकाचे नाव घेतले नाही, हा दोष त्याच्याकडे जातोच. मी तो झाकत नाही. पण 'सबरस' वाचून पाहा. कथा मध्येच थांबते आणि वजही प्रेमावर, अकलेवर, माणसाच्या स्वभावावर बोलत सुटतो. गद्यालाही यमके जुळवतो, म्हणी आणि दोहे पेरतो. हा सारा पसारा फत्ताहीकडून आलेला नाही.