रोजकीर्द कोण लिहिणार?

२० मे २०२५ रोजी जयंत नारळीकर गेले आणि पुढे महिनाभर जो तो म्हणू लागला, मराठी विज्ञानकथेचे पर्व संपले. श्रद्धांजलीत अशी वाक्ये लिहावी लागतात, कबूल. पण ती लिहिणाऱ्यांपैकी कितीजणांनी आदल्या दिवाळीतल्या पाच विज्ञानकथा वाचल्या होत्या? पाच सोडा, दोन? एखादी गोष्ट संपली म्हणायला ती चालू असताना तिच्याकडे कधीतरी पाहिलेले असावे लागते. माझे म्हणणे सरळ आहे. मराठीत विज्ञानकथा लिहिली जाते, छापली जाते आणि फेब्रुवारीपर्यंत रद्दीत जाते. वर्षभरातले चांगले वेचून एका पुस्तकात ठेवण्याची आपल्याला सवयच नाही.

ही सवय असली म्हणजे काय होते ते माझ्या कपाटात दिसते. गार्डनर डोझ्वा नावाच्या अमेरिकन संपादकाने १९८४ पासून २०१८ पर्यंत, वर्षाला एक याप्रमाणे, उत्तम विज्ञानकथांचे पस्तीस खंड काढले. पस्तिसावा बाजारात आला तेव्हा तो नुकताच वारला होता. त्यांतले तेरा माझ्याकडे आहेत आणि एकही नवा विकत घेतलेला नाही. कळंगुट-हणजूणच्या बाजूला पर्यटकांनी टाकून दिलेली पुस्तके विकणारी दुकाने आहेत, तिथली ही कमाई. इंग्रज पर्यटकांच्या प्रतींवर नाव वेगळे, क्रमांकही चारने मागे, आत मात्र त्याच कथा! शिवाय प्रत्येक खंडाच्या सुरुवातीला वर्षाचा लांबलचक आढावा: कुठले मासिक बंद पडले, कुठले निघाले, कोण गेले. शेवटी, जागेअभावी घेता न आलेल्या पण वाचण्याजोग्या कथांची बारीक टायपातली यादी. मला विचाराल तर ती यादी म्हणजे खंडाचा आत्मा. संपादकाने सगळे वाचले होते याची ती पावती.

आणि हा एकटाच नव्हे. ज्युडिथ मेरिल या बाईंनी असाच वार्षिक संग्रह १९५६ साली सुरू केला होता. पुढे वॉल्हाइम, कार, हार्टवेल. एकाच वर्षाचे दोन-दोन, तीन-तीन संग्रह निघत आणि वाचक कुणाची निवड बरोबर यावर भांडत बसत. समीक्षा म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

कोणी म्हणेल, अमेरिकेचे अमेरिकेत. बरे, मग बिदर जिल्ह्यातले सांगतो.

गोव्याची पुष्कळ माणसे गाणगापूरला जातात, मीही जातो. २०२३ मध्ये दर्शन आटोपून कलबुर्गीहून बिदरच्या गाडीत बसलो (हा मार्ग २०१७ साली सुरू झाला), हुमनाबादला उतरून माणिकनगरला माथा टेकला आणि पुढे भालकीला एका निवृत्त मास्तरांकडे गेलो. भालकी, औराद, बसवकल्याण या भागात घरात मराठी, कचेरीत कानडी, बाजारात उर्दूची फोडणी. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या बिदर जिल्ह्यातले उदगीर मुंबई राज्याकडे गेले, भालकी म्हैसूरकडे. मास्तर दर वर्षी संक्रांतीनंतर रेल्वेने उदगीरला जात आणि रद्दीच्या दुकानातून जुने दिवाळी अंक किलोवर घेऊन येत. घरी ते अंक उसवायचे, विज्ञानकथा तेवढ्या बाजूला काढायच्या, आणि बायंडरकडून एका वर्षाची एक वही बांधून घ्यायची. कण्यावर स्वतःच्या अक्षरात वर्ष. प्रत्येक कथेच्या डोक्यावर लाल शाईत दहापैकी गुण. काही वह्या चार बोटे जाड, काही हडकुळ्या.

मी विचारले, "सर, हे कुणासाठी?"

"कुणासाठी म्हंजे? आमच्याकडं अंक येतच नाहीत बघा. नवा घ्यायचा तर एकाच्या पैशात इथं दहा येतात. आन् एवढे सगळे घरात ठेवायचे कुठं?"

वार्षिक निवडीची गरज एवढ्या थोडक्यात मला कुणी सांगितली नव्हती. पुण्या-मुंबईच्या वाचकाला ती कळणार नाही, कारण त्याच्या दारात अंकांचा ढीग पडतो. निवडलेले एक पुस्तक लागते ते भालकीला, आळंदला, आमच्या वाळपईला, काणकोणला. २०२२ साली अखिल भारतीय साहित्य संमेलन त्याच उदगीरला भरले होते. सीमाभागाच्या नावाने ठराव मांडण्याची संमेलनांची परंपरा जुनी आहे. ठराव सोपा असतो, टपाल अवघड.

आता नेहमीचे आक्षेप. पहिला, आमच्याकडे विज्ञानकथांच्या स्पर्धा होतात की. होतात, आणि त्यांचे ऋण मोठे आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारळीकरांची ‘कृष्णविवर’ पहिली आली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावावर! म्हणजे परीक्षकांनी नाव न पाहता कथा पाहिली. पण स्पर्धेत आलेल्यांतून निवड होते. वार्षिक संग्रहाला न आलेले शोधावे लागते, सांगलीच्या नाही तर नांदेडच्या एखाद्या अंकात दडलेले.

दुसरा आक्षेप, लेखकांचे स्वतःचे संग्रह आहेतच. नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, सगळ्यांचे आहेत. पण आम्हा कारकुनांच्या भाषेत ती खतावणी झाली: एका नावाच्या सगळ्या नोंदी एका पानावर. वार्षिक संग्रह म्हणजे रोजकीर्द. त्या वर्षी कोण कशाला घाबरत होते, संगणकाला, हिमयुगाला की क्लोनला, ते रोजकीर्दीत कळते. शिवाय ज्याने जन्मात दोनच कथा लिहिल्या आणि दोन्ही चांगल्या, त्याला खतावणीत पान कुठून मिळणार?

एकदा असे झाले की भारतीय विज्ञानकथा एका जागी आल्या. १९९३ साली नॅशनल बुक ट्रस्टने फोंडक्यांच्या संपादनाखाली संग्रह काढला, त्यात लोंढे-जावडेकरांशेजारी कन्नडचे राजशेखर भूसनूरमठही आहेत. पण तो इंग्रजीत. आमच्या कथा वेचायला आम्हाला इंग्रजी लागली!

तिसरा आक्षेप एका प्रकाशकाने मला पत्राने कळवला: संग्रह खपत नाहीत, आणि निवडीसाठी समिती नेमावी लागेल. समिती म्हणजे काय ते मला विचारा, बावीस वर्षे त्यांची इतिवृत्ते लिहितो आहे. समितीला प्रत्येकाचा माणूस घ्यावा लागतो. इथे एकच हट्टी माणूस हवा. राम कोलारकरांनी ‘सर्वोत्कृष्ट मराठी कथा’चे खंडामागून खंड काढले, ते काय समितीने?

तेव्हा कोणा प्रकाशकाने मनावर घेतलेच तर माझ्या अटी अशा. पुस्तक दीडशे पानांचे निघाले तरी चालेल, हडकुळ्या वर्षी हडकुळे काढा. प्रस्तावनेत नमन नको, वर्षाचा हिशेब हवा. न घेतलेल्या कथांची यादी शेवटी हवीच, अंकाच्या नावासकट. दोन प्रती माझ्या. त्यांतली एक भालकीच्या पत्त्यावर पाठवायची आहे, टपालखर्च मी देईन.