शुगर एक, संसार वेगळे

शुगर निघाली की आपल्याकडे प्रत्येकीच्या हातात साधारण सारखाच कागद पडतो. भात बंद, बटाटा बंद, गोड बंद, रोज पाऊण तास चाला, टेन्शन घेऊ नका. कागदावरचा सल्ला तसा खोटा नसतो. पण तो वाचताना मला नेहमी वाटतं, हा लिहिला तरी कुणासाठी? पहाटे पाणी भरणारीसाठी, लावणीला जाणारीसाठी, की सासू-सासऱ्यांची पथ्यं सांभाळून उरलेल्या भातावर जेवण उरकणारीसाठी?

आमच्या बिरवाडीत एकीकडे एमआयडीसीचे कारखाने आणि दुसरीकडे भातशेती. बचत गटाच्या निमित्तानं मी वाड्यावाड्यांवर फिरते. पूर्वी बैठकीत कर्जाच्या गोष्टी निघायच्या, आता शुगरच्याही निघतात. आणि हे काही आमच्यापुरतंच नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज दिला आहे. आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

“मी तर काडीसारखी, मला कशी शुगर?” असं विचारणाऱ्या कितीतरी जणी भेटतात. त्याचं उत्तर पुण्यातच शोधलं गेलंय. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या गावांतल्या आया आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. आपली बाळं वजनानं हलकी असली तरी त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण तुलनेनं जास्त असतं, असं त्यात दिसलं. म्हणजे हातपाय बारीक असले तरी पोटाशी चरबी असू शकते. तेव्हा अंगकाठी बघून निर्धास्त राहू नका.

आता मूळ मुद्द्यावर येते. आजाराचं नाव एक असलं तरी प्रत्येकीचा संसार वेगळा आहे. मग काळजी सगळ्यांची एकाच साच्यातली कशी चालेल?

एक काकू आहेत, साठीच्या पुढच्या. ‘भात बंद’ हे वाचून त्यांनी पंधरा दिवस कसेबसे काढले आणि मग एके दिवशी वैतागून पथ्यही सोडलं, गोळ्याही सोडल्या. कोकणातल्या बाईला भात बंद म्हणजे जेवणच बंद! त्यापेक्षा कुणी त्यांच्या चुलीपाशी बसून सांगितलं असतं, की काकू, भात एक वाटी मोजून घ्या, आधी वालाची उसळ, भाजी किंवा मासळी खा, पेज पातळ आहे म्हणून वाडगाभर पिऊ नका, तर ते त्यांना जमलं असतं. नाचणीची भाकरीसुद्धा चांगली, पण ‘नाचणी चालते’ म्हणून तीन भाकऱ्या खाल्ल्या तर साखर वाढणारच.

दुसरं घर कारखान्यात तीन पाळ्यांत काम करणाऱ्याचं. या आठवड्यात जेवण दुपारी, पुढच्या आठवड्यात रात्री दोनला. त्याला ‘सकाळी नाश्त्याआधी गोळी’ एवढंच सांगून भागत नाही. पाळी बदलली की गोळी कधी घ्यायची, हे त्याला आणि त्याचा डबा भरणाऱ्या बायकोला, दोघांनाही समजावून द्यायला हवं.

तिसरी गोष्ट उपवासाची. श्रावणी सोमवार असो की रमजानचे रोजे, आपल्या गावांत दोन्ही पाळले जातात. काही गोळ्या आणि इन्सुलिन घेऊन उपाशी राहिलं तर साखर झपकन खाली येते. घाम सुटतो, हातपाय थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. साखर ७०च्या खाली गेली तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. आणि उलट बाजूनं, उपवासाची ताटभर साबुदाण्याची खिचडी साखर भराभर वर नेते. श्रद्धा सोडा असं मी म्हणणार नाही. पण उपवास धरण्याआधी दवाखान्यात विचारून गोळ्यांचा हिशेब बदलून घ्यायलाच हवा.

आणि चौथी गोष्ट पायांची. जुना मधुमेह असला की पायाची जाणीव कमी होते. चिखलात अनवाणी लावणी करताना काटा घुसला तरी कळत नाही. थंडीत चुलीपाशी पाय शेकताना चटका बसला तरी कळत नाही. जखम चिघळते आणि गोष्ट बोट, कधी कधी पाऊल कापण्यापर्यंत जाते. रोज रात्री आरसा धरून तळवे बघायला दोन मिनिटं लागतात. पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, तेल लावायचं ते बेचक्या सोडून. पण मी विचारते तेव्हा बहुतेक जणी म्हणतात, “हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही.”

हे सांगणार कोण? माझ्या मते हे काम सिस्टरचं आहे आणि ते दुय्यम काम नाही. बोस्टनचे डॉ. इलियट जोस्लिन यांनी १९१८मध्ये, म्हणजे इन्सुलिन सापडण्याच्याही आधी, डॉक्टर आणि रुग्ण दोघांनी मिळून वापरावं असं मधुमेहाचं पुस्तक लिहिलं. रुग्णाला शिकवण्याचं काम नर्सनं करावं, यावर त्यांचा भर होता. आजचे तज्ज्ञही हेच सांगतात. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, बहुतेकांची ७च्या आत असावी, पण वयस्क आणि थकलेल्या माणसासाठी ही मर्यादा सैल ठेवावी. म्हणजे शास्त्रच सांगतंय की माणूस बघून काळजी ठरवा. मग आपल्या हातात सगळ्यांना एकच कागद का?

२०१८च्या आयुष्मान भारत योजनेनंतर उपकेंद्रांवर सामुदायिक आरोग्य अधिकारी आले, तिशीपुढच्या सगळ्यांची तपासणी ठरली, आशाताई घरोघरी जाऊन फॉर्म भरू लागल्या. हे चांगलंच झालं. पण तपासणी म्हणजे काळजी नव्हे. फॉर्म भरला, आकडा लिहिला, गोळ्या दिल्या, पुढचा नंबर! सिस्टर आणि आशाताईंवर लसीकरण, बाळंतपणं आणि रजिस्टरं यांचा केवढा बोजा असतो, ते मी बघते. म्हणून माझी मागणी त्यांच्याकडे नाही, वरच्यांकडे आहे. आठवड्यातला एक दिवस मधुमेहासाठी राखून ठेवा आणि प्रत्येकीला सिस्टरबरोबर निदान पंधरा मिनिटं मिळू द्या. त्यात ती काय रांधते, कधी जेवते, किती चालते, गोळ्यांना पैसे कुठून आणते, हे विचारलं जाऊ दे. एका वहीत ते लिहिलं जाऊ दे आणि पुढच्या वेळी तीच वही उघडली जाऊ दे.

‘तुमची काळजी तुम्हीच घ्या’ हे वाक्य मला म्हणूनच अर्धवट वाटतं. आधी शिकवायचं नाही, आणि साखर वाढली की “तुम्हीच पथ्य पाळत नाही” म्हणून ओरडायचं, हा कुठला न्याय? स्वतःची काळजी घेता येणं हेसुद्धा शिकावं लागतं, आणि शिकवणारं कुणीतरी लागतं.

२०२१चा जुलै आपण कुणी विसरलेलो नाही. २२ तारखेला महाड पाण्याखाली होतं आणि तळियेवर दरड कोसळली. अशा वेळी रोजच्या गोळ्या आणि इन्सुलिनचं काय, याचाही विचार आधीच करून ठेवायला हवा. पावसाळ्यापूर्वी पंधरा दिवसांच्या गोळ्या आणि औषधांची नावं लिहिलेली चिठ्ठी घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. वीज गेली तर इन्सुलिन मातीच्या ओल्या मडक्यात, पाणी लागणार नाही असं ठेवता येतं. मात्र बर्फाच्या कप्प्यात ते कधीही ठेवू नका, गोठलं की वाया गेलं.

आणि मैत्रिणींनो, थोडं आपल्याबद्दल. नवऱ्याच्या गोळ्यांची वेळ आपल्याला पाठ असते, स्वतःचा रिपोर्ट मात्र डब्याखाली दडपलेला असतो. कुणी सून सासरी कळू नये म्हणून इंजेक्शन चोरून घेते. चोरून घेतलेलं औषध कधी ना कधी चुकतंच. घरात सांगा. मुलाला साखर मोजायला शिकवा, नवऱ्याला तळवे बघायला सांगा. आणि पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात की गोळ्या घेऊन लगेच उठू नका. “सिस्टर, माझ्या घरात हे असं असतं, मग मी काय करू?” एवढं विचाराच. दहा जणींनी विचारलं की अकरावीसाठी वेळ काढावाच लागेल.