जुळलेल्या हिशेबातील वगळलेली नोंद

निवृत्तीनंतर वाचावयाच्या पुस्तकांची यादी मी नोकरीत असतानाच करून ठेवली होती. जेम्स जॉइस यांची ‘युलिसिस’ ही कादंबरी तीत अग्रभागी होती. १९२२ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाच्या अठरा प्रकरणांत डब्लिन शहरातील एकच दिवस आहे, १६ जून १९०४. एका दिवसाची कथा ती कितीशी अवघड असणार, असे मला वाटले होते. तिसऱ्याच प्रकरणात मी अडलो. समुद्रकिनाऱ्यावर चालणाऱ्या स्टीफन या तरुणाचे विचार तेथे कोणत्याही प्रस्तावनेविना एकामागून एक येतात. दोन वेळा पुस्तक कपाटात परत गेले. वाणिज्य शाखेच्या माणसाचे हे काम नव्हे, अशी मी स्वतःची समजूत घातली.

तिसऱ्या खेपेस मी एक नियम केला. रोज सकाळी पाच पाने मोठ्याने वाचावयाची आणि न समजलेल्या ओळीखाली पेन्सिलीने खूण करून पुढे जावयाचे. चौथ्या प्रकरणात लिओपोल्ड ब्लूम भेटला. वर्तमानपत्रासाठी जाहिराती मिळविणाऱ्या या गृहस्थाचा मुलगा अवघ्या अकरा दिवसांचा असताना गेला आहे. ते दुःख तो बोलून दाखवीत नाही. अधूनमधून एखाद्या अर्ध्या वाक्यात ते डोकावते. मागे केलेल्या कित्येक खुणांचा अर्थ मला असा उशिराने लागला.

सतराव्या प्रकरणात ब्लूमच्या त्या दिवसाचा जमाखर्च पौंड-शिलिंग-पेन्समध्ये मांडलेला आहे. तो पाहताच माझ्यातील बँक अधिकारी जागा झाला. ट्रामभाडे आहे, दिवंगत मित्राच्या कुटुंबासाठी दिलेले पाच शिलिंग आहेत, पक्ष्यांना घातलेल्या दोन केकची एक पेनीदेखील आहे. दोन्ही बाजूंची बेरीज सारखी दाखविली आहे. मात्र रात्री एका बदनाम घरात दिलेल्या पैशांची नोंद तीत नाही. सर्वांत दीर्घ आणि दुर्घट असे पंधरावे प्रकरण मी कंटाळून वगळले असते, तर ही उणीव माझ्या ध्यानात आलीच नसती.

जुळलेला हिशेब तो खरा हिशेब, असे मी छत्तीस वर्षे मानत आलो. त्या सकाळी मी स्वतःची घरखर्चाची वही काढली. दोन महिन्यांपूर्वीच्या एका तारखेस ‘किरकोळ’ या सदरात मोठी रक्कम होती. ती हृदयाच्या तपासणीची फी होती. पत्नीस चिंता नको म्हणून मी ती तशी लिहिली होती. दुपारी मी तिला सर्व सांगितले. ती रागावली, मग म्हणाली, “आधी अहवाल दाखवा.”

कादंबरी पूर्ण समजली, असा माझा दावा नाही; पेन्सिलीच्या खुणा अजून पुष्कळ शिल्लक आहेत. तरीही वाचकहो, अर्धवट सोडलेले एखादे पुस्तक आपल्या कपाटात असेल, तर ते पुन्हा उघडावे. रोजची पाच पाने पुरेशी आहेत.