बोल्टाशी कुस्ती खेळू नका

यंदा वाफसा आला आणि रोटाव्हेटरच्या गिअरबॉक्समधून तेल गळायला लागलं. कव्हर काढायला घेतलं, तर एक बोल्ट हलेना. "पान्याला पाइप घाल की!" बांधावरून सल्ला आला. घातला. बोल्ट तुटला, अर्धा आतच राहिला. तो काढून आणेपर्यंत दोन दिवस गेले, तोवर पाऊस झाला आणि वाफसाही हातचा गेला.

मित्रांनो, आपल्याकडं पाइप न् छन्नी म्हणजेच मेकॅनिकी, असं समजतात. मला हे साफ अमान्य आहे. बोल्टाला गंजानं धरलंय. गंज सैल करायचा सोडून आपण बोल्ट पिळतो, मग तो तुटणारच.

आधी तारेच्या ब्रशनं माती-गंज काढा. गंज सोडवणारं तेल मारा आणि चहा पिऊन या. डोक्यावर हातोडीच्या हलक्या टिचक्या द्या, तेल आत उतरतं. सहा कोनांचा गोटी पाना घट्ट बसवा. झिजलेला पाना कोपरे गोल करतो. आधी किंचित आवळा, मग सोडा, असं मागं-पुढं करा. तरी हलेना तर तेल पुसून भोवतीचा भाग तापवा. पण डिझेल, टायर, ऑइल सील जवळ असेल तर आग नको. तुटलेला तुकडा वर दिसत असेल तर त्यावर नट वेल्ड करून फिरवता येतो. ट्रॅक्टरला अवजार जोडलेलं असेल तर वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

"एवढा वेळ कुणाकडं आहे?" असं म्हणाल. माझे दोन दिवस गेले, त्याचा हिशेब कोण देणार?

आणि खरी चूक तर मागच्या हंगामातली. पेरणीयंत्राची खतपेटी न धुता शेडात लोटली की खत हवेतली ओल ओढतं आणि बोल्ट खातं. बोल्ट गंजला म्हणून कंपनीला शिव्या देण्यात अर्थ नाही. अवजार धुवा, वाळवा, आट्यांना थोडं ग्रीस लावूनच बोल्ट बसवा. मात्र ग्रीस लावलेला बोल्ट तेवढ्याच जोरात जास्त ताणला जातो, तेव्हा आवळतानाही पाइप नको.

पाइप विहिरीवर शोभतो, पान्यावर नाही. पटलं तर आज संध्याकाळीच शेडात एक चक्कर मारा.