महानगरीतील मुक्काम आणि आपला स्वाभिमान



गावाकडून मुंबईस जाण्याचा प्रसंग आता कोणत्याही बौद्ध कुटुंबास चुकत नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर परमपूज्य बाबासाहेबांना अभिवादन करावयाचे असते. मुलाची मुलाखत असते, मंत्रालयात अडकलेला कागद सोडवावयाचा असतो, उच्च न्यायालयात तारीख असते, परळच्या टाटा रुग्णालयात घरातील आजारी माणसास दाखवावयाचे असते. या प्रवासाची तयारी आपण काळजीने करतो. तिकीट काढतो, भाकऱ्या बांधून घेतो, कागदांची पिशवी दोनदा तपासतो. परंतु रात्री राहावयाचे कोठे, हा प्रश्न गाडीत बसेपर्यंत आपण मनातही आणीत नाही. आणला तरी त्याचे उत्तर ठरलेले असते. कोणी नातलग भेटला तर त्याची खोली, नाही तर फलाट आहेच.

हा प्रश्न क्षुल्लक नाही. तो आपल्या हक्काचा आणि स्वाभिमानाचा आहे, म्हणून त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

मुक्कामाच्या जागेचा विचार आपल्या मनात येत नाही, याचे कारण आपला निष्काळजीपणा नव्हे. पिढ्यान् पिढ्या मुक्कामाचे दार आपल्यासाठी बंदच होते, आणि जे दार उघडणारच नाही त्याचा विचार कोण करील? वाटसरूंसाठी धर्मशाळा होत्या, पण आपले पूर्वज त्यांच्या ओट्याखाली झोपत. १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात रावबहादूर बोले यांनी जो ठराव मंजूर करून घेतला, तो आपणांस महाडच्या तळ्यामुळे स्मरतो. परंतु त्या ठरावात पाणवठे आणि विहिरी यांच्या जोडीने सार्वजनिक पैशाने बांधलेल्या धर्मशाळांचाही उल्लेख होता, हे विसरता कामा नये. पाणी पिण्याचा हक्क आणि रात्री पाठ टेकण्याचा हक्क हे दोन्ही एकाच लढ्याचे भाग होते.

या बाबतीत बाबासाहेबांना स्वतः काय सोसावे लागले, ते प्रत्येक बौद्ध घरातील मुलाला ठाऊक असले पाहिजे. अमेरिकेत आणि इंग्लंडात विद्या संपादन करून ते १९१७ साली बडोदे संस्थानच्या नोकरीस गेले, तेव्हा त्या शहरातील एकही हिंदू हॉटेल त्यांना ठेवून घेणार नव्हते. शेवटी एका पारशी पथिकाश्रमात, पारशी नाव नोंदवून, त्यांना आसरा घ्यावा लागला. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले पारशी लोक खोलीशी आले आणि त्यांनी बाबासाहेबांना बाहेर काढले. एक हिंदू मित्र आणि एक ख्रिस्ती मित्र, दोघांनीही घरात घेण्यास असमर्थता दाखविली. मग रात्रीची मुंबईची गाडी येईपर्यंत त्या विद्वानाला कामाठी बागेत बसून राहावे लागले. संस्थानाच्या नोकरीत मोठा अधिकार होता, पण त्या अधिकाऱ्याला शहरात एक खोली नव्हती. आणि जी मिळाली होती ती स्वतःच्या नावाने मिळाली नव्हती.

आता या घटनेशेजारी दुसरी ठेवून पाहा. ऑक्टोबर १९५६ मध्ये धम्मदीक्षेसाठी बाबासाहेब नागपुरास आले, तेव्हा त्यांचा मुक्काम सीताबर्डीवरील श्याम हॉटेलात होता. हे ठिकाण शहराच्या ऐन मध्यवस्तीत आहे. आज नागपूर मेट्रोच्या दोन्ही मार्गिका त्याच सीताबर्डीवर एकमेकींस मिळतात. १३ ऑक्टोबरला त्यांनी याच हॉटेलात वृत्तपत्रांच्या प्रतिनिधींसमोर आपली भूमिका मांडली आणि दुसऱ्या दिवशी दीक्षाभूमीवर धम्म स्वीकारला. बडोद्याच्या पथिकाश्रमात परक्या नावाने, आणि नागपूरच्या हॉटेलात स्वतःच्या नावाने! या दोन मुक्कामांमध्ये एकोणचाळीस वर्षांचा संघर्ष आहे. आपण तो वारसा सांगतो. मग शहरात पाऊल ठेवताच आडनाव चोरण्याची वा अंधारात कोपरा धरण्याची वृत्ती आपणांस शोभेल काय?

कायद्याने हे दार आता उघडलेले आहे. संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाने दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांच्या कारणावरून कोणाही नागरिकास मज्जाव करण्यास बंदी केली आहे. १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. त्यानंतर १९५५ साली अस्पृश्यता अपराध अधिनियम झाला. १९७६ साली तो अधिक कडक करण्यात येऊन त्यास नागरी हक्क संरक्षण अधिनियम हे नाव मिळाले. या कायद्यात हॉटेल या शब्दाच्या व्याख्येत निवासगृह आणि खानावळीसह राहण्याचे घर, ही दोन्ही येतात. अस्पृश्यतेच्या कारणावरून तेथे प्रवेश नाकारणाऱ्यास कमीत कमी एक महिना आणि जास्तीत जास्त सहा महिने कारावास, शिवाय दंड, अशी शिक्षा आहे. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल, तर ते कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे न्यायालय गृहीत धरते, आणि तसे नव्हते हे आरोपीस सिद्ध करावे लागते.

येथे नवदीक्षित कुटुंबांच्या मनात एक शंका येते. 'आम्ही बौद्ध झालो, आता हे संरक्षण आमचे राहिले काय?' ही शंका निराधार आहे. १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा त्यात समावेश झाला. धर्म बौद्ध सांगितल्याने आपले कायदेशीर संरक्षण जात नाही. म्हणून जातीचे प्रमाणपत्र घरी जपून ठेवा आणि शहरात कोणी 'तुम्ही कोण?' म्हणून विचारले, तर न कचरता 'आम्ही बौद्ध' म्हणून सांगा. जो धम्म आपण उजेडात स्वीकारला, तो हॉटेलच्या नोंदवहीपुढे लपविण्याचे कारण नाही.

हक्क असला म्हणजे काम झाले असे नाही. तो शहाणपणाने वापरता आला पाहिजे. मुंबईत मुक्काम कोठे करावा, याचे माझे उत्तर एका वाक्यात देतो: ज्या कामासाठी आलात त्याच्या जवळ, आणि ते न जमल्यास रेल्वे स्थानकापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर. पुष्कळ कुटुंबे भाडे थोडे कमी म्हणून कल्याण किंवा विरारच्या बाजूस राहतात. कल्याणहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे ५४ किलोमीटर आहे. जलद लोकलनेही तासाभराहून अधिक वेळ जातो. त्यात सकाळची सारी गर्दी दक्षिणेकडेच वाहत असते. म्हातारी आई, कडेवर मूल आणि हातात पिशवी घेऊन त्या गर्दीत शिरणे म्हणजे जीव धोक्यात घालणे होय. याउलट टर्मिनस किंवा चर्चगेट यांच्या आसपास मुक्काम असला, तर न्यायालय, मंत्रालय आणि विद्यापीठाची फोर्टमधील कचेरी हाकेच्या अंतरावर येतात. उत्तरेस जावयाचे असले तरी गाडी तेथूनच सुटत असल्याने सकाळी बसावयास जागा मिळते. विदर्भ आणि सेवाग्राम या एक्सप्रेस गाड्या याच टर्मिनसला येतात, हे वऱ्हाड-नागपूरकडील वाचकांनी ध्यानात ठेवावे.

चैत्यभूमीसाठी दादरसारखी दुसरी जागा नाही. मध्य आणि पश्चिम या दोन्ही रेल्वे तेथे मिळतात आणि पश्चिमेस उतरून चैत्यभूमीपर्यंत पायी जाता येते. पूर्वेस हिंदू कॉलनीत बाबासाहेबांचे राजगृह आहे. तेही याच मुक्कामातून पाहून होते. परळच्या रुग्णालयांसाठी मध्य रेल्वेचे परळ आणि पश्चिम रेल्वेचे प्रभादेवी ही स्थानके जवळची आहेत. एस. टी.ने येणाऱ्यांना मुंबई सेंट्रल सोयीचे, कारण तेथे आगार आणि रेल्वे स्थानक शेजारीशेजारी आहेत. ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पूर्ण मार्गावर धावू लागली आहे. दादर, मुंबई सेंट्रल, टर्मिनस, हुतात्मा चौक, चर्चगेट आणि विधान भवन ही सारी ठिकाणे तिने एका सूत्रात ओवली आहेत. लोकलच्या गर्दीस भिणाऱ्या वृद्धांना तिचा मोठा आधार आहे. मात्र लोकल आणि मेट्रो दोन्ही रात्री काही तास बंद असतात. अपरात्री येणारी गाडी असेल, तर मुक्काम स्थानकाजवळच हवा.

मोठ्या स्थानकांवर रेल्वेची स्वतःची विश्रांतिकक्षे असतात, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत आहे. आरक्षित तिकिटाच्या आधारे तेथे खोली किंवा सामायिक दालनातील एक खाट आधी नोंदविता येते. हे सार्वजनिक पैशाने उभारलेले निवारे आहेत. फलाटावर वर्तमानपत्र अंथरण्यापूर्वी त्यांची चौकशी करा. खासगी निवासगृहात जावयाचे असल्यास फलाटावर गाठणाऱ्या दलालाच्या मागे जाऊ नका. खोली आधी डोळ्यांनी पाहा. दाराची कडी, पाण्याची सोय आणि बाहेर पडण्याची वाट तपासा. भाडे कर धरून किती आणि खोली दुपारी बारापर्यंत की चोवीस तास, हे विचारूनच पैसे द्या. पावती घ्या आणि कुटुंबातील प्रत्येक मोठ्या माणसाचे ओळखपत्र जवळ बाळगा.

खोली नाकारली गेल्यास काय करावे? प्रथम विवेकाने पाहा. खोल्या खरोखरच भरलेल्या असू शकतात, किंवा ओळखपत्र नसल्याने मालक अडला असेल. प्रत्येक नकारात जातीयता शोधणे हे धम्माच्या विचारपद्धतीस धरून नाही. परंतु फोनवर 'खोली आहे' म्हणणारा माणूस आडनाव वाचताच 'भरले आहे' म्हणू लागला, आणि आपल्यामागून आलेल्यास त्याने किल्ली दिली, तर मुकाट्याने परत फिरू नका. नकाराचे कारण विचारा. वेळ, निवासगृहाचे नाव आणि बरोबरच्या साक्षीदाराचे नाव लिहून ठेवा. त्या हद्दीतील पोलीस ठाण्यात तक्रार द्या. १४५६६ हा अत्याचारविरोधी राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक लिहून ठेवा. अनुसूचित जातीच्या व्यक्तीस विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिलेला आहे, तो वापरा. हातघाईवर येऊ नका; आपले शस्त्र कायदा आहे आणि तो बाबासाहेबांच्या संविधानावर उभा आहे.

कोणी म्हणेल, 'घरचा माणूस मुंबईत असता पैसे कशाला घालवावे?' आप्तांचा लोभ मोठा आहे आणि तो तोडा असे मी म्हणत नाही. मुंबईच्या चाळींनी गावाकडच्या शेकडो मुलांना आसरा देऊन शिकविले, तो आपल्या चळवळीचा गौरवाचा भाग आहे. परंतु दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहत असता आणखी पाचांनी आठवडाभर पथारी पसरणे, हा त्या घरातील सुनेवर आणि परीक्षेस बसलेल्या मुलावर अन्याय आहे. ज्याची ऐपत आहे त्याने खोली घ्यावी आणि नातलगाकडे पाहुणा म्हणून चहास जावे. यात प्रेम कमी होत नाही. उलट दोन्ही घरांची प्रतिष्ठा राहते.

६ डिसेंबरची गोष्ट निराळी आहे. त्या दिवशी लाखो लोक येतात आणि महानगरपालिका शिवाजी पार्कवर निवाऱ्याचे मंडप उभारते. त्या जनसागरात मंडपात राहणे हाही समतेचा एक अनुभव आहे. पण दादरच्या आसपासच्या खोल्या तेव्हा लवकर भरतात. म्हणून ज्यांच्याबरोबर वृद्ध, आजारी किंवा गरोदर स्त्री आहे त्यांनी खोली बरीच आधी नोंदवावी. धडधाकट तरुणांनी मंडपात राहावे आणि त्या खोल्या अशा माणसांसाठी सोडाव्यात. ही करुणा आपण आपल्यातच पाळली नाही, तर इतरांकडून तिची अपेक्षा कशी करावी?

बंधुभगिनींनो, पुढल्या खेपेस शहरात जाल तेव्हा मुलांना बरोबर घेऊन निवासगृहाच्या मेजापाशी उभे राहा आणि नोंदवहीत आपले पूर्ण नाव, आडनाव आणि गाव स्वच्छ अक्षरांत त्यांच्यादेखत लिहा. १९१७ साली बडोद्यात जे बाबासाहेबांना करता आले नाही, ते करण्याचा हक्क त्यांनीच आपल्या हाती दिला आहे. तो न वापरता ठेवला, तर गंजून जाईल.

जय भीम!