ब्रेक ऑइलचं नवं-जुनं

आमच्या निफाडात द्राक्षबागेच्या फवारण्या तारखेबरहुकूम होतात. पण तीच द्राक्षं मुंबईला नेणाऱ्या गाडीचं ब्रेक ऑइल? ‘कमी झालं की टाकतो ना वरून!’ वाचकहो, आम्ही बँकवाले याला ‘नवं-जुनं’ म्हणतो. जुनं कर्ज नव्यानं झाकायचं. वरून खातं चकचकीत, आत थकबाकी जशीच्या तशी!

हे ऑइल हवेतला ओलावा गुपचूप पीत असतं. ताजं डॉट-३ निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की हाच आकडा १४० पर्यंत घसरतो. मग कसारा घाट उतरताना, ब्रेक तापले की ऑइल उकळतं. पाय दाबतो ती नुसती वाफ. गाडी काही दबत नाही!

म्हणून दर दोन वर्षांनी सगळं ऑइल बदला. एकानं पेडल दाबून धरावं, दुसऱ्यानं चाकापाशी निपल सैल करून बुडबुड्यांसकट काळं ऑइल काढावं. निपल आवळल्यावरच पाय उचलावा. वरची डबी मात्र रिकामी पडू देऊ नये.

‘एवढा खटाटोप कशाला?’ अहो, बँक निदान नोटीस तरी धाडते. घाट थेट वसुलीलाच येतो.